बदकाची मादी अंडं देत नाहीये, शेपटी सारखी खालीवर होते: अंडं अडकलंय का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. खाकी कॅम्बेल जातीची दोन वर्षांची मादी, गेले दहा महिने जवळपास रोज अंडं देते. गेल्या पंधरवड्यात तीन अंडी बिनकवचाची, नुसत्या पातळ कातडीची निघाली. काल अंडं नाही. आज सकाळपासून ती बाकीच्यांपासून लांब, छाती वर काढून पेंग्विनसारखी उभी आहे, मधूनच कुंथते, आणि श्वासागणिक शेपटी खालीवर होते. थोडं खाल्लं, पाणी बरंच प्यायली. रात्री बदकं घरातच, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात असतात. तीन माद्या, दोन नर. कुणीतरी सुचवलं की मागून तेल सोडा आणि बोटाने अंडं फोडून काढा. तुम्ही विचारता: अंडं अडकलंय का, कॅल्शियम किती देऊ, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू.

आधी तातडीचं. बोट घालू नका, अंडं फोडू नका, सांगणारा कितीही अनुभवी असो. अडकलेलं अंडं आत फुटलं की कवचाच्या धारदार कपच्या अंडनलिकेच्या नाजूक भिंतीत घुसतात, बलक आत सांडतो आणि जंतूंना आयतं खाद्य मिळतं. तेलाने आतल्या अंड्याला काही फरक पडत नाही. ते लागतं पिसांना. पिसांचा पाणी न धरण्याचा गुण जातो आणि आधीच आजारी असलेला पक्षी भिजून गारठतो. तुम्ही लिहिलेल्या खुणा बघता तिला आजच, अंधार पडायच्या आत, पक्षी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. उद्या सकाळपर्यंत वाट बघू म्हणण्यासारखी ही अवस्था नाही.

मी असं का म्हणते ते सांगते, कारण दर वेळी धावत सुटायची गरज नसते. एक दिवस अंडं न देणं हा आजार नव्हे. माद्या अंडं झाडाझुडपात लपवतात, जागा बदलली की बिचकतात, पिसं झडायच्या दिवसांत थांबतात, दिवस लहान झाला की थांबतात. अंडं नाही पण मादी खाते, डुंबते, इतरांबरोबर फिरते, तर एक दिवस शांतपणे लक्ष ठेवलं तरी चालतं. पण अंडं नाही आणि त्याबरोबर कुंथणं, पिसं फुलवून एका जागी उभं राहणं, श्वासाबरोबर शेपटी हलणं, पाय फेंगडे पडणं किंवा लंगडणं, विष्ठा कमी होणं यातलं काही असेल, तर माझ्या दृष्टीने घड्याळ सुरू झालेलं असतं. खरोखर अडकलेलं अंडं २४ ते ४८ तासांत जीव घेऊ शकतं. ते आतड्यांवर, मूत्रवाहिन्यांवर आणि पायांकडे जाणाऱ्या नसांवर दाबून बसतं, आणि मादी कुंथून कुंथून थकत जाते. तुमच्या मादीत यातल्या तीन खुणा आहेत.

अंडं आहे का ते घरी ढोबळ बघता येतं. हात धुऊन, तिला बगलेत धरून, पोट खालून तळव्यावर घ्या. शेपटीखाली दोन्ही बाजूंना हाडांची दोन टोकं लागतात. अंडी देणाऱ्या मादीत ती लांब गेलेली असतात, मध्ये दोन-तीन बोटं मावतात. त्यांच्या पुढे पोटावर अगदी हलकेच बोटं ठेवा. पूर्ण कवच असलेलं अंडं असेल तर घट्ट, गुळगुळीत गोळा लागतो. तो दाबायचा नाही, पुढे ढकलायचा नाही, लागला की हात काढायचा. आणि काहीच लागलं नाही तरी निर्धास्त होऊ नका. तुमच्याकडे आधीची तीन अंडी कातडीची निघाली आहेत. असलं मऊ अंडं हाताला लागत नाही, बहुधा एक्स-रेमध्येही नीट उमटत नाही. गुळगुळीत कवचाचं अंडं स्नायूंच्या रेट्याने पुढे सरकतं. मऊ पिशवीसारखं अंडं मात्र दाबलं की नुसतं आकार बदलतं आणि तिथेच राहतं. म्हणूनच मऊ अंडी अडकायचा धोका जास्त.

आत काय चाललंय ते थोडं समजून घ्या. बदकात, बहुतेक पक्ष्यांप्रमाणे, फक्त डाव्या बाजूचं अंडाशय आणि अंडनलिका काम करतात. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर येईपर्यंत साधारण २४ ते २६ तास जातात, आणि त्यातले २० तासांच्या आसपास एकट्या कवचग्रंथीत. अंडं बाहेर पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुढचा बलक सुटू शकतो. म्हणजे रोज अंडं देणाऱ्या मादीच्या शरीराला मोकळा दिवस असा मिळतच नाही. एक अंडं अडकलं तर मागून दुसरं येऊन त्याला भिडतं. शिवाय अंडं बाहेर ढकलणारे स्नायू आकुंचन पावायलाही कॅल्शियमच लागतं. कवचासाठी कॅल्शियम कमी पडतं त्याच वेळी ढकलायची ताकदही कमी पडते, आणि तुमच्या मादीत मला हेच होताना दिसतंय.

दवाखान्यात पोचेपर्यंत घरी एवढंच करा. शांत, अर्धवट अंधाराच्या खोलीत, बाकीच्या बदकांपासून, विशेषतः नरांपासून दूर ठेवा. टबात कोमट पाणी घ्या, मनगटाला सुखावह लागेल इतकंच, साधारण ३८ ते ४० अंश सेल्सिअस. पाणी पोटापर्यंत येऊ दे आणि तिला २० ते ३० मिनिटं त्यात बसवा. तुम्ही समोर बसून राहा. अशक्त बदकाची मान पाण्यात कलंडते आणि ते बुडूही शकतं. बदक आहे, पोहेल, या भरवशावर सोडू नका. नंतर टॉवेलने टिपून कोरडं करा आणि ऊब द्या. पाणी आणि नेहमीचं खाद्य समोर असू दे. औषध जबरदस्तीने चोचीत ओतू नका, कारण श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच उघडतं आणि मलूल पक्ष्यात औषध सरळ फुप्फुसात जातं. पातळ कॅल्शियम घरात असेल तर डॉक्टरांना फोन करा, तिचं वजन सांगा आणि ते सांगतील तेवढंच, चोचीच्या कडेने थेंब थेंब द्या. वजन माहीत नसेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीसकट वजन करून टोपलीचं वजा करा. मी फोनवर पहिल्यांदा हाच आकडा विचारते.

एकदा असं कोमट पाणी करूनही अंडं आलं नाही तर चार-चार वेळा तेच करत बसू नका. कोमट पाण्याने स्नायू सैल पडतात, एखादी मादी तिथेच अंडं देते, आणि अशा गोष्टी लोक आनंदाने एकमेकांना सांगतात. ज्यांचं अंडं आलं नाही त्यांच्या गोष्टी तेवढ्या ऐकू येत नाहीत, पण माझ्या टेबलावर येतात.

दवाखान्यात काय होईल तेही सांगते, म्हणजे तुम्हाला प्रश्न विचारता येतील. आधी ऊब, द्रव आणि कॅल्शियमचं इंजेक्शन. मादी जरा सावरली की एक्स-रे, आणि मऊ अंड्याचा संशय असला तर सोनोग्राफी. अंड्याची वाट मोकळी आहे आणि अंडं फक्त रेटा कमी म्हणून थांबलंय अशी खात्री असेल, तरच आकुंचनाची औषधं. वाट बंद असताना ती दिली तर अंडनलिका फाटू शकते. म्हणून "इंजेक्शन द्या आणि अंडं काढा" असा आग्रह धरू नका, फोटो आधी काढू द्या. अंडं तोंडाशी दिसत असेल तर भूल देऊन सुईने आतला द्रव ओढून घेतात. हे मी बऱ्याचदा केलं आहे. सिरिंजमध्ये आधी पाणचट पांढरं येतं, मग एकदम दाट पिवळं, आणि कवच आतल्या आत हळूच बसकण मारतं. ते शक्य तितकं चिमट्याने काढायचं, उरलेले तुकडे मादी पुढच्या काही दिवसांत टाकते. यातलं काहीच जमलं नाही तर शस्त्रक्रिया. तिचा धोका मोठा आहे आणि तो मालकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय मी कधी हात घातला नाही.

आणि एक गोष्ट फार मनापासून सांगायची आहे. मलूल मादी म्हणजे अंडंच अडकलेलं, असं धरून चालू नका. काही वर्षांपूर्वी एका पाळणाऱ्याने पांढरी पेकिन मादी आणली. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये जुना टॉवेल, त्यावर ती पाय पसरून बसलेली, शेपटी प्रत्येक श्वासाला वरखाली. त्याने दोन दिवस कोमट पाणी आणि कॅल्शियम चालवलं होतं. मीही बघताक्षणी अंडंच धरून चालले. पण टॉवेलवरच्या विष्ठेचा रंग गडद हिरवा होता, आणि पोटाला हात लावला तर रिकामं लागलं. एक्स-रेमध्ये अंडं नव्हतं. पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, पांढरा लख्ख स्क्रू होता, आट्यांसकट दिसणारा. बदकं चिखलात चोच घालून जे चमकेल ते गिळतात, आणि त्यातलं जस्त किंवा शिसं रक्तात उतरलं की पाय लुळे पडतात, भूक जाते, सगळं चित्र अंडं अडकल्यासारखंच दिसतं. ती मादी वाचली, पण कॅल्शियमच्या नादात गेलेले दोन दिवस तिला महागात पडले. घरात नुकतं काही दुरुस्तीचं काम झालं असेल, खिळे, तारा, नाणी पडली असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

इथवरचं एका दमात: आज दवाखाना, तोवर ऊब, अंधार, एकदा कोमट पाणी, बोट नाही, तेल नाही, जबरदस्तीचं औषध नाही, आणि फोटो निघेपर्यंत अंडंच आहे असं गृहीत नाही.

आता कॅल्शियम. तुम्ही लिहिलंय की लेयर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या पक्ष्यांसाठीचं तयार खाद्य, देता, मग कमी कसं पडेल? हिशोब करून बघू. बदकाच्या एका अंड्याच्या कवचात अडीच ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तुलनेसाठी, कोंबडीच्या सबंध सांगाड्यात मिळून सुमारे २० ग्रॅम असतं. खाद्यातून पुरेसं मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढतं, आणि दहा महिने रोज काढत राहिलं की एक दिवस कवचही होत नाही आणि पायही डगमगतात. लेयर खाद्यात साधारण ३ ते साडेतीन टक्के कॅल्शियम असतं, पण मादीने पोटभर तेच खाल्लं तरच. तुम्ही सांगता की दुपारी धान्य, संध्याकाळी भाजीपाला आणि मुलांच्या हातचा पाव. निम्मं पोट त्यानेच भरलं तर कॅल्शियमही निम्म्यावर आलं. असा खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. पाव तर बंदच करा, त्याने चरबी वाढते, आणि चरबी हे अंडं अडकण्याचं आणखी एक कारण आहे.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. ज्या मादीला गरज आहे ती बरोबर जाऊन खाते. चुरा पिठासारखा बारीक नको, जाडसर हवा, आणि संध्याकाळी भांडं भरलेलं हवं. बदकं बहुतेक पहाटे अंडं देतात, म्हणजे कवचाचा मोठा भाग रात्री, पोट रिकामं असताना बनतो. जाड तुकडे पेषणीत टिकून रात्रभर हळूहळू विरघळतात, पीठ मात्र लवकर पुढे निघून जातं. जोडीला ऊन हवं. ड जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून कॅल्शियम शोषलं जात नाही, आणि काचेतून आलेल्या उन्हात ते बनत नाही. नरांना आणि अंडी न देणाऱ्या माद्यांना कायम लेयर खाद्य देणंही बरोबर नाही, जास्तीच्या कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड बिघडतात.

मऊ अंड्याला कॅल्शियमखेरीज इतर कारणंही असतात, आणि नेमकं कोणतं हे परिस्थितीवर ठरतं. नव्याने अंड्यावर आलेल्या मादीची पहिली काही अंडी वेडीवाकडी, मऊ किंवा दोन बलकांची निघतात, त्याचं काही करायचं नसतं. कडक उन्हाळ्यात पक्षी धापा टाकतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं; तिथे सावली आणि गार पाणी हाच उपाय. रात्री कुत्रं भुंकलं, कुणी पाठलाग केला तरी अंडं वेळेआधी पडतं. आणि एकाच वेळी सगळ्याच माद्यांची अंडी घटली, मऊ किंवा बेरंग झाली, तर संसर्गाचा विचार करावा लागतो. तशात पक्षी मरत असतील तर त्यांना हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा. तुमच्याकडे एकटीच आजारी आहे, बाकी दोघी ठणठणीत, म्हणून मी तिकडे फारशी वळत नाही.

खरा मुद्दा आता येतो. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, आणि ते तुम्ही कौतुकाने लिहिलं आहे: "दहा महिन्यांत तिने जेमतेम आठवडाभर सुट्टी घेतली असेल." मस्कोवी ही जात सोडली तर पाळीव बदकांचा मूळ पूर्वज मॅलार्ड, हे रानबदक. रानातली मॅलार्ड मादी वर्षाला एक घरटं भरते, त्यात ८ ते १३ अंडी. खाकी कॅम्बेल ही जात इंग्लंडमध्ये अडेल कॅम्बेल यांनी १८९८ च्या सुमारास अंड्यांसाठीच तयार केली, आणि तिच्यातल्या चांगल्या माद्या वर्षाला ३०० च्या घरात जातात. म्हणजे मादी अंडी देते म्हणून निरोगी, हा हिशोब या जातीला लागू होत नाही. ती आजारी असतानाही देत राहते. माझ्याकडे येणाऱ्या पाळीव माद्यांमधले बहुतेक आजार, मग नाव अंडं अडकणं असो, अंग बाहेर येणं असो की पोटात बलक साचणं असो, या न थांबणाऱ्या अंड्यांच्याच वाटेने येतात. तुम्हाला ही अंडी विकायची नाहीत, मादी आठ-दहा वर्षं सोबत हवी आहे. मग आजचं संकट टळल्यावर तिला थांबवणं हेच मुख्य काम.

थांबवायचं कसं, तर उजेडाने. दिवस १४-१६ तासांचा झाला की अंडाशय जागं होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ जाक बन्वा यांनी १९३० च्या दशकात नर बदकांवर प्रयोग करून दाखवलं की डोळ्यांवाचूनसुद्धा, कवटीतून मेंदूपर्यंत पोचलेल्या उजेडाने प्रजननग्रंथी वाढतात. म्हणजे मादी डोळे मिटून झोपली असली तरी डोक्यावरचा दिवा तिच्या शरीराला दिवसच सांगतो. तुमची बदकं दिवाणखान्यात असतात, तिथला दिवा रात्री अकराला मालवतो. बाहेर दिवस लहान झाला तेव्हाही तुमच्या मादीसाठी तो १६ तासांचाच राहिला. तिला संध्याकाळी लवकर वेगळ्या, हवेशीर पण पूर्ण अंधाऱ्या जागी न्या आणि दिवसाला ८ ते १० तासच उजेड मिळेल असं बघा. दाराखालची फट, चार्जरचा दिवा, सगळं झाका. दोन-तीन आठवडे रोज, न चुकता. मध्ये एखादा दिवस सैल सोडलात तर पुन्हा पहिल्यापासून. अंडी बंद व्हावीत म्हणून तिला उपाशी किंवा तहानलेली मात्र ठेवू नका, आजारी मादीत ते जिवावर बेतेल.

अंडी रोज उचलण्याबद्दलही लोक विचारतात. उचलत राहिलं की बऱ्याच माद्या घरटं भरायला पुन्हा देत राहतात, तर लाकडाची किंवा प्लास्टिकची खोटी अंडी ठेवली की काही माद्या खुडूक बसतात आणि त्या काळात अंडी थांबतात. पण खाकी कॅम्बेलमधून खुडूकपणा निवडीने जवळजवळ काढून टाकला आहे, त्यामुळे तुमच्याकडे या उपायावर माझा फार भरवसा नाही. मस्कोवी असती तर हाच पहिला सांगितला असता.

उजेडाने थांबली नाही आणि त्रास पुन्हा झाला तर डेस्लोरेलिन नावाचं संप्रेरकाचं बारीक रोपण कातडीखाली बसवता येतं. काही महिने अंडाशय झोपतं, किती महिने ते मादीगणिक वेगळं. सुरुवातीला ते उलट चेतवतं, म्हणून आत अंडं असताना बसवायचं नाही. काही देशांत बदक खाद्यप्राण्यांत मोडतं म्हणून त्याला परवानगी नसते. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

दोन नर आणि तीन माद्या हे गणितही बदला. एका नरामागे निदान चार-पाच माद्या हव्यात, नाहीतर एकाच मादीच्या मानेची पिसं उपटलेली दिसतात. बदकांत जबरीचा समागम इतका नेहमीचा आहे की मादीची योनीच त्याला तोंड द्यायला घडली आहे. पॅट्रिशिया ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की तिच्यात बंद पिशव्या असतात आणि नराच्या पिळदार लिंगाच्या उलट्या दिशेचे वळसे. तरीही वारंवार चढण्याने जखमा होतात, जंतू वर चढतात, आणि कुंथून सुजलेल्या मादीचं अंग बाहेर येऊ शकतं. ते कधी दिसलं, लाल ओला गोळा, तर सलाईनने धुवून ओलं ठेवा, स्वच्छ ओल्या कापडाने झाका, लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, कारण इतर बदकं त्याला टोचतात, आणि निघा. आत ढकलायचा खटाटोप करू नका.

अंडं आलं आणि ती हिंडू-फिरू लागली तरी पुढचे दोन-तीन आठवडे पोटावर लक्ष ठेवा. एखादा बलक नलिकेत न जाता पोटाच्या पोकळीत पडतो, तिथे जंतू वाढतात, आणि पोट पाण्याच्या पिशवीसारखं लोंबायला लागतं. मादी पुन्हा पेंग्विनसारखी उभी राहते, धाप लागते. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. खाणं तेवढंच आणि वजन वाढतंय, पण छातीच्या हाडाला हात लावला तर मांस उतरलेलं, हे मला नुसत्या वाढलेल्या वजनापेक्षा जास्त घाबरवतं. हे लवकर सापडलं तर द्रव काढून, जंतूंची तपासणी करून योग्य प्रतिजैविक देता येतं. घरात उरलेल्या गोळ्या मात्र देऊ नका. आणि उपचार चालू असताना, तसंच डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरही, तिची अंडी कुणी खायची नाहीत, उकडूनसुद्धा नाही.

सगळं नीट जुळलं तर अंधार सुरू केल्यापासून काही आठवड्यांत तिच्या जागी पिसं पडलेली दिसतील, आधी थोडी, मग मूठभर. घाबरू नका, थांबलेल्या अंडाशयाची ती खूण आहे. त्या दिवसांत लेयर खाद्य बंद करून कमी कॅल्शियमचं, १६ ते १८ टक्के प्रथिनांचं खाद्य द्या, शिंपले भांड्यात राहू देत, डुंबायला पाणी भरपूर द्या. नवी पिसं पूर्ण आली, ती चकचकीत दिसू लागली, म्हणून लगेच दिवाणखान्यात परत आणू नका. संध्याकाळचा अंधार तिला तेव्हाही लागेल.

आज एक्स-रे निघाला की त्यात काय दिसलं, तिचं वजन किती आणि विष्ठेचा रंग कसा, एवढं लिहा. पुढचं त्यावरून सांगते.